एकशे दहा आणि तीन

आमच्या घरात बी. ए. झालेला मी एकटाच. त्यामुळे इंग्रजीत आलेला कुठलाही कागद शेवटी फिरत फिरत माझ्यापुढे येतो. बँकेची नोटीस, विम्याची पॉलिसी, औषधाच्या बाटलीवरचं बारीक लिखाण, आखातातल्या नोकरीचा करार. मी कविता करतो याचं घरच्यांना फारसं कौतुक नाही, पण मला कागद वाचता येतो याचं आहे. आणि खरं सांगायचं तर त्याचा मलाही थोडा गर्व होता. तो गर्व २०२२ सालच्या नोव्हेंबरात एका दुपारी उतरला. कसा उतरला ते आज सांगायचं आहे. कारण त्या निमित्ताने मी एक नवी भाषा शिकलो. ती भाषा माणसांची नाही, इंजिनांची आहे.

माझ्या भाच्याची बोट आहे. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, दाभोळच्या बाजूला, तो पर्यटकांना घेऊन फिरतो. समोर अंजनवेल, वर गोपाळगड, पलीकडे दीपगृह, आणि नशीब असेल तर डॉल्फिन. बोटीतलं जुनं मशीन काढून त्याने नवं इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजिन बसवलं होतं. त्याच्याबरोबर सुकाणूसमोर एक छोटा पडदा आला आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तिकाही आली. पडदा बोटीत राहिला. पुस्तिका, रिवाजाप्रमाणे, माझ्या घरी आली.

त्या दुपारी त्याचा फोन आला. बोटीत आठ माणसं होती, त्यात दोन लहान मुलं.

"मामू, पिवळा दिवा लागलाय. पडद्यावर एकशे दहा आणि तीन असं काहीतरी येतंय. जरा पुस्तकात बघा ना."

मी पुस्तिका उघडली. मागच्या बाजूला आकड्यांची यादी होती. एकशे दहाच्या पुढे लिहिलं होतं, 'इंजिन कूलंट टेंपरेचर'. टेंपरेचर हा शब्द दिसला आणि माझं वाचन तिथेच संपलं.

"इंजिन तापलंय. आधी बंद कर."

"पण मामू, काटा तर अगदी खाली पडलाय. आवाजही ठीक आहे."

"अरे, पुस्तकात लिहिलंय ना! बंद कर."

त्याने बंद केलं. मामूचं ऐकायचं अशी आमच्याकडे रीत आहे. तेव्हा ओहोटी लागलेली होती. नदीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं आणि बोट खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्याकडे जाऊ लागली. तिथे लाटा फुटत होत्या. पहिल्यांदा टाकलेला नांगर घसरला. दुसऱ्यांदा धरला. मासेमारीहून परतणाऱ्या एका बोटीने दोर दिला आणि ओढून धक्क्याला आणलं. कुणाला काही झालं नाही. पण ती चाळीसेक मिनिटं मी घरात फोन हातात धरून कशी काढली ते माझं मला माहीत.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. इंजिन तापलं, असं मी सांगितलेलं. म्हणून भाच्याने गॅरेजवाल्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी थर्मोस्टॅट बदलला. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा बदलला. बिलाचा आकडा सांगत नाही, पण ऐन मोसमातल्या दोन आठवड्यांची कमाई त्यात गेली. बोट पाण्यात उतरवली आणि पंधरा मिनिटांत पुन्हा पिवळा दिवा. पुन्हा एकशे दहा आणि तीन.

मग बंदरावरचे एक जुने मिस्त्री आले. वय सत्तरीच्या पुढे. पुस्तिका त्यांनी आयुष्यात उघडलेली नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एवढंच विचारलं, "एकशे दहा म्हणजे पाण्याचा ताप. बरं. मग तीन म्हणजे काय?"

मी गप्प. कारण तीन म्हणजे काय हे मी पाहिलंच नव्हतं. पान उलटलं. तिथे दुसरी, लहानशी यादी होती. तिच्यात तीनच्या पुढे जे लिहिलं होतं त्याचा अर्थ असा होता : 'व्होल्टेज नेहमीपेक्षा जास्त'. इंजिन तापल्याचं त्यात कुठेही नव्हतं. मिस्त्रींनी मान हलवली. ताप मोजणाऱ्या सेन्सरपासून निघालेली वायर बोटांनी चाचपत गेले, तिच्या टोकाचं प्लास्टिकचं कनेक्टर उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. आत तांब्यावर हिरवा थर चढला होता. खाऱ्या हवेत पितळेच्या भांड्यावर चढतो तसा. एक पिन तर जवळजवळ गळून गेली होती. त्यांनी ती कापून नवी बसवली, वर ग्रीस भरलं, आणि दिवा गेला. खर्च काय, तर मिस्त्रींचा चहा आणि एक पिन.

मी आयुष्यभर शब्दांत राहिलेला माणूस. कवितेची एकच ओळ वाचून मत देणाऱ्यांवर मी नेहमी चिडतो. आणि आठ माणसं पाण्यात असताना मी अर्धं वाक्य वाचून हुकूम सोडला होता. त्यानंतर मी ती पुस्तिका घेऊन बसलो. जे समजलं नाही ते मिस्त्रींना विचारलं, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या पोरांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आता तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. कोकणातल्या कितीतरी मासेमारी बोटींवर आजही साधी यांत्रिक इंजिनं आहेत. त्यांना ना पडदा, ना आकडे. तिथे वाचन होतं ते धुराचं आणि आवाजाचं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. माझे अब्बा जहाजावर इंजिनखोलीत तेलवाला होते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि बेअरिंग बरं आहे की नाही ते सांगायचे. ती भाषा शिकायला वर्षं लागतात. पण ती शिकलेल्या माणसाला एक सवय असते. तो एका खुणेवर निकाल देत नाही. धूर पाहतो, आवाज ऐकतो, हात लावून पाहतो, आणि मग बोलतो.

नव्या इंजिनात हे काम एक छोटा संगणक करतो. त्याला ईसीयू म्हणतात. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. त्याच्याकडे फक्त वायरी आहेत, आणि वायरींच्या टोकाला सेन्सर. एक सेन्सर पाण्याचा ताप मोजतो, एक ऑइलचा दाब, एक इंजिनाचे फेरे, एक हवेचा दाब. या सगळ्यांकडून येणारे निरोप तो सतत वाचत असतो. एखादा निरोप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो आपल्या वहीत नोंद करतो आणि दिवा लावतो. ती नोंद म्हणजेच आपण ज्याला फॉल्ट कोड किंवा एरर कोड म्हणतो तो आकडा.

हा आकडा कसा बांधलेला असतो? मोठ्या डिझेल इंजिनांमध्ये बहुतेक ठिकाणी जे-१९३९ नावाची एक पद्धत वापरतात. अमेरिकेतल्या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने ती मुळात ट्रक, बस आणि अवजड यंत्रांसाठी बांधली. तिच्या तळाशी आहे ती जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडलेली 'कॅन' नावाची यंत्रणा. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी, आणि त्यांच्यावरून सगळे सुटे भाग आपापले निरोप पाठवतात. प्रत्येक भागाला वेगळी वायर ओढावी लागत नाही. बोटीवरची होकायंत्रं, खोली मोजणारी यंत्रं, इंजिनाचे पडदे एकमेकांशी जोडण्यासाठी एनएमईए २००० नावाची जी पद्धत आहे, तीही याच पायावर उभी आहे. महामार्गावरच्या नव्या ट्रकमध्ये आणि माझ्या भाच्याच्या बोटीत एकशे दहाचा अर्थ एकच निघतो, तो यामुळे.

या पद्धतीत प्रत्येक तक्रारीचे मुख्य भाग दोन. पहिला आकडा एसपीएन. त्याचं पूर्ण नाव 'सस्पेक्ट पॅरामीटर नंबर'. या नावातला पहिला शब्द मी पुस्तिकेत दहा वेळा तरी वाचला असेल, पण त्याच्यावर थांबलो नव्हतो. सस्पेक्ट म्हणजे संशयित. ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांनी नावातच सांगून ठेवलंय की हा आकडा ज्याच्याकडे बोट दाखवतो तो संशयित आहे, गुन्हेगार नव्हे. आणि आपण काय करतो? आकडा दिसला की त्या नावाचा भाग उचलून फेकतो आणि नवा आणतो.

दुसरा आकडा एफएमआय. म्हणजे बिघाडाची तऱ्हा. तो शून्यापासून एकतीसपर्यंत असतो. पहिला आकडा कुणाबद्दल बोलणं चाललंय ते सांगतो, दुसरा त्याचं काय झालंय ते सांगतो. शाळेत आपण कर्ता आणि क्रियापद शिकलो तसंच हे आहे. नुसता कर्ता वाचून वाक्य कळत नाही. 'मुलगा' एवढंच वाचलं, तर मुलगा पास झाला की पाण्यात पडला, हे कसं कळणार? मी त्या दुपारी फक्त कर्ता वाचला होता.

दुसऱ्या आकड्यातले सगळे बत्तीस पाठ करायची गरज नाही. त्यांचे ढोबळ गट कळले तरी पुरे. शून्य म्हणजे मोजमाप खरं आहे आणि ते धोक्याच्या पातळीइतकं वर गेलंय. एक म्हणजे मोजमाप खरं आहे आणि धोक्याइतकं खाली आलंय. पंधरा आणि सोळा म्हणजे वर गेलंय, पण अजून तितकं नाही. पंधरा सौम्य, सोळा मध्यम. सतरा आणि अठरा तसेच खालच्या बाजूचे. हा झाला पहिला गट. इथे यंत्र म्हणतं, मला आलेल्या निरोपावर माझा विश्वास आहे आणि बातमी वाईट आहे.

दुसरा गट तीन, चार, पाच आणि सहा यांचा. तीन म्हणजे व्होल्टेज जास्त, चार म्हणजे व्होल्टेज कमी, पाच म्हणजे करंट कमी किंवा वायर तुटलेली, सहा म्हणजे करंट जास्त किंवा वायर बॉडीला चिकटलेली. इथे यंत्र काय म्हणतंय? ते म्हणतंय, बातमी चांगली की वाईट ते मला ठाऊकच नाही, कारण निरोप आणणारा माणूसच वाटेत बिघडलाय. इंजिन गरम असेल, थंड असेल, मला दिसत नाही. तिसरा गट धरसोडीचा. दोन म्हणजे निरोप येतो, पण क्षणात एक, क्षणात दुसरं. सैल जोडणी, हलणारी वायर, पाणी शिरलेलं कनेक्टर, यांची ही खूण असू शकते.

आता एकशे दहा आणि तीन पुन्हा वाचा. पाण्याचा ताप सांगणारा निरोप्या बिघडलाय, व्होल्टेज जास्त येतंय. बस, एवढंच ते वाक्य होतं.

इथे कुणी विचारील, वायर सडली तर व्होल्टेज कमी व्हायला हवं, जास्त कसं? मलाही तोच प्रश्न पडला होता. ताप मोजणारा हा सेन्सर म्हणजे विजेला अडवणारा एक छोटा तुकडा असतो. थंड असताना तो जास्त अडवतो, गरम झाला की कमी अडवतो. ईसीयू त्याच्याकडे पाच व्होल्ट पाठवतो आणि मधल्या वायरीवर किती व्होल्टेज उरतं ते पाहतो. इंजिन थंड, तर व्होल्टेज जास्त. इंजिन गरम, तर कमी. वायर तुटली की विजेला पुढे जायला वाटच राहत नाही, आणि व्होल्टेज थेट पाचाला जाऊन टेकतं. इतकी थंडी दाभोळच्या खाडीत काय, कुठेच असणार नाही, हे ईसीयूला ठाऊक असतं. म्हणून तो म्हणतो, हा ताप नव्हे, हा बिघाड. आणि काटा मात्र थंडीच्या टोकाला जाऊन पडतो. भाच्याने मला फोनवर हेच सांगितलं होतं. काटा खाली पडलाय. त्याचे डोळे बरोबर वाचत होते. माझं पुस्तक मी चुकीचं वाचलं होतं.

याच्या उलट, तीच वायर कुठे घासून बॉडीला टेकली, तर व्होल्टेज शून्याकडे जातं आणि आकडा येतो एकशे दहा आणि चार. तिसऱ्याच वेळी समुद्रातली प्लास्टिकची पिशवी पाणी ओढण्याच्या तोंडावर बसली, तर पाणी खरंच तापतं आणि येतो एकशे दहा आणि शून्य किंवा सोळा. पहिला आकडा तिन्ही वेळी एकच. पण एकदा मिस्त्रीने वायर पाहायची आहे, एकदा तांडेलाने वेग कमी करून गाळणी पाहायची आहे, आणि शून्य आला तर शक्य तितक्या लवकर इंजिनाला विश्रांती द्यायची आहे.

आणखी काही आकडे सांगतो, कारण बोटीवर ते वारंवार भेटतात. शंभर म्हणजे ऑइलचा दाब. शंभर आणि एक आला तर ते इंजिनाच्या जिवावरचं आहे, कारण ऑइलच्या दाबाशिवाय बेअरिंग काही मिनिटांतच खराब होऊ शकतात. सत्त्याण्णव म्हणजे डिझेलमध्ये पाणी. फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी सोडायचं आणि टाकीत ते कुठून आलं ते शोधायचं. एकशे अडुसष्ट म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज. हा आकडा सोबत असेल तर इतर आकड्यांकडे जरा सावधपणे पाहावं. बॅटरी अशक्त असली की स्टार्टर फिरवताना व्होल्टेज कोसळतं आणि ईसीयूला नसलेले बिघाडही दिसू लागतात. ताप चढलेला माणूस बरळतो, तसं.

एकदम पाच-सहा आकडे आले तर घाबरून जाऊ नये. पुष्कळदा कारण एकच असतं. अनेक सेन्सरना मिळून पाच व्होल्टचा एकच पुरवठा असतो. त्यातल्या एका वायरीने घोटाळा केला की सगळे एकदम ओरडतात. एका घरात भांडण झालं आणि आळीतली सगळी दारं उघडली, तसं ते आहे. कुठलं दार आधी उघडलं ते पाहायचं. त्यासाठी ईसीयूच्या वहीत आणखी दोन गोष्टी असतात. तक्रार आत्ता चालू आहे की पूर्वी येऊन गेलेली आहे, आणि आतापर्यंत किती वेळा आली. एकदाच येऊन गेलेला जुना आकडा आणि आज चाळीस वेळा आलेला आकडा, यांचं वजन सारखं नसतं.

म्हणूनच एक मोठी चूक टाळायला हवी. दिवा लागला की काहीजण आधी बॅटरीची वायर काढून परत लावतात किंवा यंत्र जोडून सगळे आकडे पुसून टाकतात. 'बघू पुन्हा येतोय का.' काही इंजिनांत बॅटरी काढूनही नोंद जात नाही, काहींत जाते. पण पुसण्यापूर्वी लिहून ठेवणं कधीही चांगलं. दोन्ही आकडे, वेळ, तेव्हा इंजिनाचे फेरे किती होते, बोट भरलेली होती की रिकामी, पाऊस होता का, लाटांचं पाणी वर आलं होतं का. हे चार ओळींचं टिपण मिस्त्रीच्या हातात दिलं तर त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचे पैसेही.

बोटीच्या मागे लावायच्या आउटबोर्ड इंजिनांची तऱ्हा थोडी वेगळी आहे. तिथे अनेकदा पडदाच नसतो. एक दिवा लुकलुकतो. दोनदा लुकलुकला, थांबला, तीनदा लुकलुकला, म्हणजे तेवीस. मोजताना सोबत कुणी बोलत असेल तर चुकतं, म्हणून दोन-तीन वेळा मोजावं. आणि इथे महत्त्वाचं म्हणजे हे लुकलुकणारे आकडे प्रत्येक कंपनीचे आपापले असतात. एका कंपनीचा तेवीस दुसऱ्या कंपनीचा तेवीस नव्हे. शेजाऱ्याच्या इंजिनाचा अर्थ आपल्या इंजिनाला लावू नये. शेजारी एरवी कितीही चांगला असला तरी.

दिव्यांच्या रंगालाही अर्थ आहे. पिवळा म्हणजे लक्ष द्या, तपासा. लाल म्हणजे थांबा. भाच्याने मला पहिल्याच वाक्यात 'पिवळा दिवा' सांगितलं होतं, तेही मी कानाआड केलं. पण लाल दिव्याच्या बाबतीतही, रस्त्यावरचं थांबणं आणि पाण्यावरचं थांबणं यात फरक आहे. ट्रक कडेला लावता येतो, समुद्राला कड नसते. म्हणून पाण्यावरची माणसं सांगतात : आधी बोट कुठे आहे ते बघ, मग इंजिन बघ. खडकांकडे किंवा फुटत्या लाटांकडे ओढली जात असेल, तर सुरक्षित पाण्यात येईपर्यंत इंजिन चालवावं लागेल, मग ते खराब झालं तरी बेहत्तर. इंजिन पुन्हा विकत मिळतं. मोकळं, शांत पाणी असेल तर नांगर तयार ठेवून बंद करावं. हा निर्णय पुस्तिका घेऊ शकत नाही, ईसीयू घेऊ शकत नाही, आणि घरी बसलेला मामू तर नाहीच नाही. तो सुकाणूवरच्या माणसाचाच.

उलट बाजूही सांगायला हवी. दुसरा आकडा तीन किंवा चार आला म्हणजे 'काही नाही, वायरच आहे' असं म्हणून निर्धास्त होऊ नये. निरोप्या आजारी आहे याचा अर्थ घरी सगळं ठीक आहे असा होत नाही. आता खबर आणणारा कुणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळात आपणच डोळे-कान व्हायचं. मागून पाणी नेहमीसारखं बाहेर पडतंय का पाहायचं, आवाज बदलला का ऐकायचं, वास येतो का बघायचं, वेग आवरून धक्क्याकडे यायचं. अब्बांची जुनी भाषा इथे परत कामाला येते. नवी भाषा आली म्हणून जुनी विसरायची नसते. दोन्ही जुळल्या तर खात्री धरावी. जुळल्या नाहीत तर थांबून विचार करावा.

हे सगळं कळल्यावर मला एक काम सुचलं. पडदा बोलतो आकड्यांत, पुस्तिका बोलते इंग्रजीत, आणि सुकाणूवरचा माणूस वाचतो मराठी. मधला माणूस मी होतो, आणि मधला माणूस चुकला की काय होतं ते मी पाहिलं होतं. तेव्हा मधला माणूस काढून टाकावा असं ठरवलं. मी त्या याद्यांमधले आमच्या इंजिनाला लागू पडणारे, नेहमी लागणारे आकडे निवडले आणि मराठीत एक तक्ता लिहिला.

पहिला मसुदा मोठ्या हौसेने भाच्याला दाखवला. त्यात मी सेन्सरला 'संवेदक' लिहिलं होतं, व्होल्टेजला 'विद्युतदाब', आणि दुसऱ्या आकड्यातल्या दोनला 'अनियमित विदा'. भाच्याने तो वाचला, मानेनेच नाही म्हणाला.

"मामू, हे वाचेपर्यंत बोट रत्नागिरीला पोचेल."

मग आम्ही दोघं आणि ते मिस्त्री धक्क्यावर बसून तो तक्ता पुन्हा लिहायला लागलो. सेन्सर हा सेन्सरच राहिला, व्होल्टेज व्होल्टेजच राहिलं. शून्यापुढे लिहिलं, 'खरंच फार वाढलंय'. एकपुढे, 'खरंच फार उतरलंय'. दोनपुढे मिस्त्रींनी सांगितलं, 'धरसोड. जोडण्या हलवून बघ'. तीन-चार-पाच-सहापुढे, 'वायर किंवा सेन्सर. इंजिनाचं माहीत नाही, स्वतः बघ'. 'इंजिनाचं माहीत नाही' हे शब्द भाच्याचे. माझ्या पुस्तकी मराठीत मला ते सुचले नसते, आणि त्या तक्त्यातले सर्वांत मोलाचे शब्द तेच आहेत असं मला वाटतं. तक्त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'दोन्ही आकडे वाच'. तो कागद प्लास्टिकमध्ये बंद करून पडद्याशेजारी लावला. तळाशी इंजिनाचं नाव आणि मॉडेल लिहिलं, म्हणजे दुसऱ्या इंजिनासाठी कुणी तो डोळे झाकून वापरू नये.

गेल्या मोसमात एका संध्याकाळी भाच्याचा फोन आला. नाव दिसताच माझ्या पोटात गोळा आला.

"मामू, आज एकशे दहा आणि सोळा आला होता."

"मग? कुठे आहेस?"

"धक्क्यावर. वेग कमी केला, दीपगृहाच्या अलीकडे शांत पाण्यात आलो, नांगर टाकला, मग बंद केलं. गाळणीत प्लास्टिकची पिशवी होती. काढली. अर्ध्या तासाने चालू केलं, पुन्हा काही आलं नाही. वहीत लिहून ठेवलंय."

"मग फोन कशाला केलास?"

"सांगायला," तो म्हणाला. "विचारायला नाही."

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)